दिले की गेले?

गेल्या एप्रिलमध्ये एके दिवशी नगरपालिकेचा शिपाई शाळेत आला. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर घागर काढीत होतो. दारातूनच तो म्हणाला, "सर, बंबखान्यातली पाटी पार उडाली. चौदा तारखेच्या आत रंगवून मागितलीय साहेबांनी. मजकूर तोच."

चौदा एप्रिल येऊन गेला, पावसाळा आला आणि आता सरतही आला. पाटी अजून माझ्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. जुना रंग खरवडून तिला पांढरा हात देऊन झाला आहे. पुढचे काम फार तर दोन तासांचे. तेवढी सवड मिळत नाही असे मी साहेबांना सांगतो, आणि साहेबही फारशी घाई करीत नाहीत. खरे कारण निराळे आहे. त्या मजकुरातल्या दोन शब्दांपाशी माझा हात थांबतो. ते शब्द म्हणजे 'प्राण दिले'.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत चिकटलो आणि उरल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. त्यामुळे मी जो प्रश्न पुढे मांडणार आहे त्याला शास्त्रात काही नाव असले, किंवा त्याचे उत्तर कोणी कधीच देऊन ठेवले असले, तर ते मला ठाऊक नाही. पण आमच्या गावात ज्याचे अक्षर चांगले त्याला विचारही चांगले सुचत असावेत असा समज आहे. म्हणून लग्नाच्या कमानीपासून श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत सगळे माझ्याकडे येते, आणि मजकूरही 'सर, तुम्हीच घाला' म्हणून माझ्यावरच सोपवला जातो. त्या पाटीचा मजकूर असाच माझ्यावर सोपवलेला होता.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. आमचा मुलूख कापसाचा. मार्च महिन्यातल्या एका दुपारी एका जिनाच्या मागच्या गोदामात गाठींना आग लागली. कापसाच्या आगीचा स्वभाव ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडे सांगायला हवे. सुटा कापूस भडकन पेटतो आणि तसाच खाली बसतो. दाबून बांधलेल्या गाठीचे तसे नाही. ती आतून धुमसते. वरून पाणी मारले तर वरची साल भिजते, आतला निखारा तसाच राहतो. विझली म्हणून ओढून बाहेर ठेवलेली गाठ दोन दिवसांनी पुन्हा धूर सोडू लागते. अशा आगीत ज्वाळा थोडी आणि धूर फार. माणसाला गोंधळवते ती ज्वाळा नव्हे, धूर.

नगरपालिकेचा बंब एकच. त्यावर एक ड्रायव्हर आणि तिघे जण. बंब पोहोचला तेव्हा फाटकापाशी गर्दी जमली होती आणि गर्दीतून कोणीतरी ओरडत होते, "आत चौकीदार आहे! चौकीदार आत राहिला!" तिघांतला एक जण पंचा भिजवून तोंडाला बांधून आत शिरला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, ते पाटीवर लिहायचे आहे. वय चौतीस. श्वसनयंत्र नगरपालिकेच्या सामानाच्या यादीत होते, बंबावर नव्हते. दुसरा साथीदार त्याच्या पाठोपाठ दारापर्यंत गेला, पण धुराने घुसमटून मागे आला. थोड्या वेळाने आत गाठींची थप्पी कोसळल्याचा आवाज झाला. एकेक गाठ १७० किलोची. त्याला बाहेर काढायला दोन तास लागले.

चौकीदार आत नव्हता. तो जेवायला घरी गेला होता. धूर पाहून धावत आला, गर्दीत उभा राहिला, आणि आपल्याच नावाचा पुकारा चालला आहे हे त्याला उमगायच्या आत सगळे होऊन गेले होते.

दहाव्या दिवशी पाटीचे ठरले. 'एका गरीब कामगाराचे प्राण वाचवताना, कर्तव्याच्या वेदीवर ज्यांनी हसत हसत प्राण दिले ते हुतात्मा' असा मजकूर आणि खाली नाव. 'हसत हसत' हे माझे. मी त्या वेळी तिथे नव्हतो. शाळेत सहामाहीचे राहिलेले पेपर तपासत होतो.

अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको माझ्या घरी आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. पाटी पडवीत वाळत होती. तिने ती उभ्या उभ्या वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि म्हणाली, "सर, यातलं 'प्राण दिले' तेवढं काढता येईल का?"

मला वाटले, शुद्धलेखनात काही चूक झाली असावी. मी म्हणालो, "का हो वहिनी?"

"त्यांनी दिले नाहीत. त्यांचे गेले." थोडे थांबून ती म्हणाली, "डबा तसाच होता बंबात. संध्याकाळी येताना पोरीच्या वह्या आणणार होते."

मी तिची समजूत घातली. असे लिहिण्यात मोठा मान असतो, गावाच्या डोळ्यांपुढे तो कायमचा राहील, शिवाय रंग वाळला आहे आणि उद्या दहा वाजता पाहुणे येणार आहेत, असे सगळे मी बोललो. "बरं," म्हणून ती गेली. कोणाशी वाद न घालता माघार घेणाऱ्या माणसाचे ते 'बरं' होते. मी दिवसभर मुलांना रेषा पुसायला सांगणारा माणूस. रंग वाळला होता ही माझी सबब किती लंगडी होती, हे मला त्याच रात्री कळले. तरी पाटी तशीच लागली.

त्या बाईने मला व्याकरण शिकवले असे मी म्हणतो. 'देणे' या क्रियापदाला देणारा लागतो, दिलेली वस्तू लागते आणि घेणारा लागतो. मनात देण्याची इच्छा असावी लागते. आता त्या दुपारी कोणी कोणाला काय दिले ते पाहू. देणाऱ्याच्या मनात प्राण देण्याची इच्छा नव्हती. चौकीदाराला धरून बाहेर यायचे, तोंड धुवायचे, डबा खायचा आणि वह्या घेऊन घरी जायचे, एवढी साधी इच्छा होती. घेणारा तर जागेवरच नव्हता. मग 'दिले' म्हणणारे आम्ही कोण? जी वस्तू त्याने उराशी घट्ट धरून आत नेली, आणि जी त्याच्याकडून हिसकावली गेली, ती त्याने दान केली असे आम्ही परस्पर जाहीर केले. दानपत्रावर सही आमची, साक्षीदारही आम्हीच.

'हुतात्मा' हा शब्द तर मी त्यानंतर नीट पाहिला. मुंबईच्या हुतात्मा चौकामुळे आपल्या सर्वांच्या कानांत तो आदराने बसलेला आहे, आणि तो आदर योग्यच आहे. पण शब्द फोडून पाहिला तर हुत म्हणजे अग्नीत हवन केलेला. आहुती दिलेला. आगीत कोंडून मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर हा शब्द नुसता अक्षरशः उच्चारून पाहावा! यज्ञात आहुती पडते तेव्हा टाकणारा एक असतो आणि पडणारा दुसरा. पडणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. आणि यज्ञाचे पुण्य कोणाच्या नावावर जमा होते, हे सांगायला मी पुराणिक असण्याची गरज नाही.

महाभारतात लाक्षागृहाची कथा आहे. ती आपण पांडव कसे निसटले याची कथा म्हणून ऐकतो. त्या रात्री जेवायला आलेली एक निषादी आणि तिचे पाच मुलगे तिथे झोपी गेले आणि जळाले. सकाळी लोकांनी सहा देह पाहिले आणि कुंती व पांडव गेले असे समजून शोक केला. त्या सहा जणांचे मरण दुसऱ्यांच्या कथेला उपयोगी पडले; त्यांच्यासाठी म्हणून कोणी रडल्याचे मला कुठे आढळलेले नाही. माझी पाटी वाचताना मला त्या निषादीची आठवण होते. शोक खरा होता, फक्त चुकीच्या नावाने चालला होता.

इथे एक जण मला थांबवून म्हणेल, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाने तसे म्हटलेही, की "एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? त्याचं कामच ते होतं. पगार घेत होता." हा आक्षेप रोखठोक वाटतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. मजुरी मेहनतीची असते. धोक्याच्या कामात काही अंश धोक्याचाही असतो असे म्हणा. मरणाची मजुरी कुठल्या दराने देतात? परांचीवर चढणारा गवंडी, विहिरीत उतरणारा पंपवाला, विजेच्या खांबावरचा वायरमन हे सगळे धोका पत्करतात, आणि संध्याकाळी खाली उतरायचे आहे हे धरूनच पत्करतात. गंमत अशी की 'पगार घेत होता' म्हणणारा आणि 'हुतात्मा झाला' म्हणणारा हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे वाटते, पण ते एकाच घरातले आहेत. एक म्हणतो मरण सौद्यात होते, दुसरा म्हणतो दानात होते. दोघांचेही म्हणणे एकच, की त्या माणसाला मरण कबूल होते. आणि ते कबूल होते असे एकदा ठरले की मग कोणाला काही विचारायला नको.

विचारायला नको, हेच आमच्या गावात झाले. तो बंबावर नऊ वर्षे होता, पण रोजंदारीवर. मस्टरवर त्याचा हुद्दा 'मदतनीस' असा होता. नगरपालिकेच्या कागदावर 'अपघाती मृत्यू' असे लिहिले गेले. तेव्हा एकाच मरणाला गावात दोन नावे होती: कचेरीत अपघात आणि चौकात बलिदान. पैसे द्यायच्या वेळी पहिले नाव, भाषणाच्या वेळी दुसरे. तिचा अर्ज तीन वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. एकदा एका टेबलावरच्या गृहस्थांनी तिला सांगितले, "बाई, तुमच्या मालकांची आम्ही पाटी लावलीय. असा मान कोणाला मिळतो?" ते गृहस्थ दुष्ट नव्हते. माझी पाटी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी वापरली इतकेच.

पाटी १४ एप्रिलच्या आत का हवी होती, तेही सांगतो. त्या दिवशी आमच्या गावात बाबासाहेबांच्या जयंतीची मोठी मिरवणूक असते आणि बंब तिच्या बंदोबस्ताला चौकात उभा असतो. त्यामुळे फार थोड्यांच्या लक्षात येते की तो दिवस देशभर अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणूनही पाळला जातो. बंबवाले सकाळी आठला पाटीला हार घालतात, दोन मिनिटे उभे राहतात आणि बंब घेऊन मिरवणुकीपुढे जातात. स्वतःच्या स्मृतिदिनीही ते कामावरच असतात.

हा दिवस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीमुळे पडला. १९४४ साल, युद्ध चालू. बर्कनहेडहून फेब्रुवारीत निघालेले 'फोर्ट स्टिकिन' नावाचे ७,१४२ टनांचे जहाज कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठीही. शिवाय तेलाची पिंपे, लाकूड, मासळीचे खत आणि सोन्याच्या विटा. दारूगोळ्याच्या जहाजाने बंदरात तांबडे निशाण लावायचे असते. युद्धाच्या धांदलीत ही रीत ढिली झाली होती, आणि या जहाजावर ते निशाण नव्हते. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठीतून धूर येताना दिसला.

यापुढचे वाचताना मला आमचे गोदाम दिसू लागते. कापसाची आग; धूर दाट, मूळ सापडेना. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी त्या कोठीत ओतले. जहाजाच्या आतले पाणी उकळू लागले, तरी आग कुठे आहे ते कळेना. दरम्यान वरिष्ठ मंडळींत, जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे की जागच्या जागी बुडवावे, याची चर्चा चालली होती. निर्णय होत नव्हता. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. त्यानंतर सोळा मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी, जहाज फुटले. दुसरा स्फोट ४ वाजून ३४ मिनिटांनी. दोन्ही हादरे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर उमटले. मेलेल्यांचा एक अंदाज आठशेच्या आसपास आहे, आणि इतर काही अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. युद्धकाळातल्या नियंत्रणामुळे वार्ताहरांना ही बातमी बाहेर धाडायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सांगून टाकली होती.

त्या ६६ जणांचे स्मारक भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात आहे. मी मुंबईला गेलो की त्या रस्त्याने जातो. त्यांपैकी कितीकांना त्या जहाजात काय आहे हे पक्के माहीत होते आणि कितीकांना नव्हते, हे आता त्यांना विचारता येणार नाही. पण निशाण नव्हते, एवढे निश्चित. ज्याला काय पेटले आहे हे कोणी सांगितले नाही, त्याने जाणूनबुजून प्राण अर्पण केले असे म्हणणे म्हणजे, जे निशाण जहाजावर लावायला हवे होते ते आपण त्याच्या समाधीवर लावणे आहे. आणि ज्याला माहीत होते, आणि तरी जो नळ धरून राहिला, तोसुद्धा जहाज फुटावे म्हणून राहिला नव्हता. ते फुटू नये म्हणून राहिला होता. त्याच्या हातातल्या पाण्याचा सगळा अर्थच तो आहे.

कर्म करावे, फळावर नजर ठेवू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मोठ्या माणसांनी सांगितले आहे, त्यात तथ्य असेलच. पण बंबवाल्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्याला फळ हवे असते, फार हवे असते. आग विझली पाहिजे, माणूस बाहेर आला पाहिजे, आणि आपणही बाहेर आलो पाहिजे. ही तिसरी इच्छा हा त्याच्या धैर्यातला उणेपणा आहे असे आपल्याला मनातून वाटत असते; म्हणूनच आपण ती पाटीवरून पुसून टाकतो आणि तिथे 'हसत हसत' लिहितो. माझे उलट आहे. ज्याने जिवावर पाणी सोडले त्याला दारापाशी फार विचार करावा लागत नाही. ज्याला परत यायचे आहे त्याला आपली भीती बरोबर घेऊनच आत जावे लागते, ती वाट दाखवते म्हणून.

मागे एकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक अधिकारी शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. मुलांना पाण्याचा फवारा आवडला. मला एक साधी फळी आवडली. श्वसनयंत्र लावून आत जाण्याची एक शिस्त आता सगळीकडे शिकवतात. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस बिल्ला फळीवर लावतो, त्याच्यापुढे आत गेल्याची वेळ आणि नळकांड्यात किती हवा आहे ते लिहितो, आणि हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब करीत घड्याळाकडे पाहत उभा राहतो. त्याने दुसरे काहीच करायचे नाही. आत गेलेला बाहेर आला की आपला बिल्ला परत घेतो. फळीवर बिल्ला उरला तर आत माणूस उरला. अधिकारी हे सगळे झपाट्याने सांगून पुढे गेले. मी मात्र त्या फळीकडेच पाहत राहिलो. माणूस परत येणार आहे असे धरून केलेली ती व्यवस्था होती. 'तू जा, मी वेळ पाहतो आहे' असे बाहेरच्याने आतल्याला दिलेले ते वचन. पाट्या रंगवणाऱ्या माझ्यासारख्याला, माणूस आत जाण्याआधी लिहायची पाटी प्रथमच दिसली.

आमच्या गोदामाच्या दाराशी अशी फळी नव्हती. लावायला यंत्रच नव्हते, तर फळी कुठून असणार? आमच्या लहान गावाचे दैन्य म्हणून मी हे सांगत नाही. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईत काळबादेवीला पेटलेली इमारत कोसळली आणि चार अधिकारी गेले. त्यांत खुद्द मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी होते. धूर मस्टर पाहत नाही. पण हिशेब मागायची वेळ आली की ते मस्टर पुढे येतेच.

आता त्या चौकीदाराविषयी. तो अजून गावात आहे. जिनात आता दुसरा चौकीदार आहे. याने ते काम सोडले आणि बसस्टँडवर भुईमुगाच्या शेंगा विकायला बसतो. दर १४ एप्रिलला सकाळी आठला तो बंबखान्याच्या फाटकाबाहेर उभा असतो, आत येत नाही. एकदा मी त्याच्याकडून शेंगा घेत होतो तेव्हा आपणहून म्हणाला, "मास्तर, माझ्यासाठी मेला म्हणतात. पाटीवरबी तसंच लिवलंय. मी तर घरी वरण-भात खात होतो." मला उत्तर सुचले नाही. जे कर्ज त्याने काढले नव्हते त्याचा दस्तऐवज मी भर चौकात रंगवून लावला होता.

मग तो माणूस फुकट मेला का? हा प्रश्न चौकीदाराच्या तोंडावर होता, आणि तिच्याही मनात रात्री-अपरात्री येत असेल. मी कादंबऱ्या लिहिणारा. कादंबरीत पात्र मारताना मी नेहमी काळजी घेतो, की त्याच्या मरणाने काहीतरी साधावे: दोन भाऊ एकत्र यावेत, कोणाचे डोळे उघडावेत. वाचकाला ते आवडते. या खोडीमुळेच मी त्या पाटीवर 'कामगाराचे प्राण वाचवताना' असे लिहून मोकळा झालो असेन. पण मरणाला असा अर्थ चिकटवण्याची गरजच काय, असे मला आता वाटते. दाराशी तो उभा होता तेव्हा त्याच्यापुढे 'आत माणूस आहे' ही खात्री नव्हती. 'आत माणूस असेल' एवढेच होते. 'असेल' एवढ्यावर जो आत गेला त्याचे जाणे तिथेच, उंबरठ्यावर, पूर्ण झाले. चौकीदार घरी जेवत होता म्हणून त्या जाण्याचे मोल रतीभरही कमी होत नाही. आत असता तर वाढलेही नसते. आणि मरण? ते या जाण्याचे फळ नव्हे की कळस नव्हे. त्याची कारणे वेगळी होती आणि सगळी साधी होती: यादीत असलेले आणि बंबावर नसलेले यंत्र, माणसाच्या दुप्पट उंच रचलेल्या थप्प्या, एकच दार, एकच बंब. जाण्याला अर्थ होता, मरणाला कारणे होती. मी पाटीवर या दोहोंची सरमिसळ केली, आणि कारणे अर्थाखाली झाकली गेली.

अर्थात माझे हे म्हणणे सगळीकडे लागू पडेल असा माझा दावा नाही. जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून प्राण देणारी माणसे इतिहासात झाली आहेत, आणि त्यांच्यासाठी 'दिले' हाच शब्द खरा आहे. तो त्यांच्यासाठी खरा राहावा म्हणूनही तो वाटेल तिथे वापरू नये असे मला वाटते. शिवाय, गाव भाबडेपणानेच शोक करते, त्याला शब्द तोलून कसे सांगणार, हेही मला कळते. अनावरणाच्या दिवशी रडलेल्या बायका खोट्या नव्हत्या.

शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून 'मजकूर तोच' म्हणाला तेव्हा दुसऱ्या बाकावर ती मुलगी बसली होती, हे मी अजून सांगितले नाही. ती तेव्हा आठवीत होती. तिने मान वर केली नाही. घागरीच्या पोटाची एक बाजू दुसरीपेक्षा फुगली होती, ती पुसून पुन्हा काढीत राहिली. तिचा हात बरा आहे.

गणपतीच्या सुट्टीत ती काही निमित्ताने घरी आली आणि पडवीतली पांढरी पाटी पाहून म्हणाली, "सर, काय लिहिणार?"

मी म्हणालो, "तुझ्या आईला विचार. या वेळी त्या सांगतील तेच लिहितो."

दुसऱ्या दिवशी तिने वहीच्या कागदाची चौघडी माझ्या टेबलावर ठेवली. अक्षर आईचे. तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत संपूर्ण नाव. दुसऱ्या ओळीत 'फायरमन'. मस्टरवर कधीच न लिहिलेला तो शब्द तिने दोनदा गिरवला होता. तिसऱ्या ओळीत तारीख, आणि तिच्यापुढे: 'दुपारी पावणेतीन वाजता आत गेले.'

खाली काही नव्हते. मी कागद उलटून पाहिला, पाठीमागेही काही नव्हते.

पाटीवर मी पेन्सिलने ओळी आखून घेतल्या आहेत. पाटी मोठी आहे. जुना मजकूर लांबलचक होता, तेव्हा तीन ओळी लिहून खाली बरीच जागा उरते. साहेबांना मजकूर दाखवायला अजून गेलेलो नाही. ते विचारतील, 'आत गेले, मग पुढे?' त्या खालच्या जागेत एखादे फूल काढू का, असे काल मी त्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "नको सर. राहू द्या तशीच."